कोंबडी परवापासून मलूल, काय करू?

प्रश्न: माझी तांबडी पंख पाडून कोपऱ्यात बसलीय. तुरा फिकट, शीट हिरवट पातळ, दाण्याला चोच लावत नाही. उचलली तर छातीचं हाड हाताला टोचलं, जीव कळवळला. बाकीच्या चार ठणठणीत आहेत.

उत्तर: आधी तिला वेगळी, उबेत ठेवा. उपाशीपोटीही शीट हिरवी होते. पण मान वाकडी होत असेल, धाप लागत असेल तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची शंका घ्या. ती झपाट्याने पसरते.

उत्तर: पहाटे दाण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रीतून रिकामी व्हायला हवी.

प्रश्नकर्ती: रिकामी आहे, मान सरळ. पाण्याचा चमचा चोचीला टेकवला, दोन घोट प्यायली!

उत्तर: छान. चोचीत ओतू मात्र नका, श्वासनलिकेत जाईल. ताजी शीट डबीत घेऊन आजच पशुवैद्यांकडे जा. जंत आहेत का, तपासणीत कळेल.