‘रजिस्ट्रंट’ला मराठीत काय म्हणायचं? आणि त्याच्या प्रायव्हसीला?

अर्धविराम:
डोमेन नावांच्या (म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांच्या) नोंदणीवरच्या एका धोरण-टिपणाचं भाषांतर करतोय. पहिल्याच पानावर तिघे भेटले: रजिस्ट्री (नावांची मूळ वही सांभाळणारी), रजिस्ट्रार (नोंदणी करून देणारी कंपनी), रजिस्ट्रंट (स्वतःसाठी नाव घेणारा). शेवटच्याला ‘नोंदणीकर्ता’ केलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, “म्हणजे नोंदणी करून देणारी कंपनी ना?” झालं! आता ‘नोंदणीकर्त्याची गोपनीयता’ वाचलं की कंपनीच काहीतरी दडवतेय असं वाटतं. सुचवा.

रेघोटी:
नोंदणीधारक करा. खातेधारक, परवानाधारक आहेतच. रजिस्ट्रार तसाच राहू द्या. खरी अडचण ‘गोपनीयते’ची आहे. मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात ती ‘बाहेर सांगणार नाही’ अशी. माझा पत्ता काही गुपित नाही, पोस्टमनला पाठ आहे. तो चव्हाट्यावर लावायचा की नाही हे मी ठरवणार, एवढंच. याला खासगीपणा म्हणतात.

व्युत्पन्न:
‘खासगी’चं मूळ अरबी ‘खास’, आलं फारसीतून. आपला शब्द असताना उसनवारी कशाला? ‘गुप्’ धातूचा अर्थ आधी रक्षण, मग लपवणं. गोप गाई राखतो, लपवत नाही. गोपनीय म्हणजे राखण्याजोगं.

रेघोटी:
‘गुप्त’ही त्याच धातूचं. गुप्तहेर काय राखतो मग?

व्युत्पन्न:
राज्य.

कोपऱ्यातला_दिवा:
धातू राहू द्या, माझं ऐका. 2018च्या आधी डोमेन घेतलं की नाव, पत्ता, फोन, ईमेल सगळं ‘हू-इज’ या जाहीर यादीवर उघडं. कुणीही बघावं. मी पत्त्यात भाबडेपणाने ‘मागचा जिना’ असं लिहिलं होतं. वर्षभरात एक पाकीट आलं, आत हुबेहूब बिल: नूतनीकरणाचे पैसे भरा. पाठवणारा माझा रजिस्ट्रार नव्हताच. आणि पाकिटावर छापील अक्षरात ‘मागचा जिना’. त्या दिवशी प्रायव्हसीचा अर्थ कळला, मराठी शब्द मात्र सुचला नाही.

अनुस्वार:
हू-इज 1982पासूनचं. तेव्हा जाळं चिमुकलं, सगळे एकमेकांना ओळखायचे, म्हणून नाव-पत्त्याची यादी. जग आत आलं तरी यादी तशीच. युरोपचा वैयक्तिक माहिती जपणारा कायदा, जीडीपीआर, 25 मे 2018ला लागू होणार हे दोन वर्षं माहीत होतं. डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने हू-इजसाठी तात्पुरता नियम मंजूर केला 17 मेला! आठ दिवस आधी. त्यानंतर बहुतेक तपशील झाकले गेले. पोलीस, ट्रेडमार्कवाले, सुरक्षावाले म्हणतात चोर लपतात. म्हणून ‘गोपनीयता’ लिहिलंत की नकळत त्यांची बाजू घेतलीत.

अर्धविराम:
हे पटलं. पण पुढे ‘यूजर रेप्रेझेंटेशन’ आहे. वापरकर्त्यांचं प्रतिनिधित्व?

अनुस्वार:
कुठला वापरकर्ता? तिथे भांडणच त्यावर आहे. आयकॅनमध्ये ॲट-लार्ज समिती आहे, 15 जणांची. ती बोलते सामान्य इंटरनेट वापरणाऱ्याच्या वतीने, ज्याच्या नावावर बहुधा एकही डोमेन नसतं. त्याला फसव्या साइटपासून वाचवायचं, म्हणून माहिती मिळण्याकडे तिचा कल. तिथलाच बिगर-व्यावसायिक गट डोमेन घेणाऱ्याची बाजू धरतो, म्हणून माहिती झाकण्याकडे. दोघेही ‘यूजर’चेच वकील! 2000 साली तर वापरकर्त्यांनी थेट ऑनलाइन मतदान करून आयकॅनचे पाच संचालक निवडले होते. 2002च्या फेररचनेत ती पद्धत गेली.

व्युत्पन्न:
‘उपयोक्ता’ म्हणा. ‘वापरकर्ता’ म्हणजे संस्कृत शेपटाचं मराठी जनावर.

रेघोटी:
उपयोक्ता कोण बोलतं हो? हिंदीतून आलेलं चालतं, फारसीतून आलेलं नाही?

व्युत्पन्न:
संस्कृत आहे ते, हिंदी नव्हे. आणि खासगी की खाजगी, ते आधी ठरवा.

कोपऱ्यातला_दिवा:
आमच्याकडे सगळे ‘खाजगी’च म्हणतात.

रेघोटी:
मूळ ‘खास’, म्हणून खासगी. ‘ज’ आला कुठून?

व्युत्पन्न:
आता मूळ आठवलं का? मघाशी धातू चालत नव्हता.

अर्धविराम:
मंडळी, टिपण उद्या द्यायचंय. ‘नोंदणीधारक’ पक्कं धरू?

कोपऱ्यातला_दिवा:
‘धारक’मध्ये मालकी वाटते. डोमेन एका वेळी फार तर 10 वर्षांच्या बोलीने मिळतं, पैसे थांबले की गेलं. खरं तर भाडेकरू.

व्युत्पन्न:
‘भाडे’चं मूळ ‘भाटक’, बरं का.