दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाई आणि तिची किंमत

रस्ते अपघातात समोरच्या चालकाची चूक सिद्ध झाल्याशिवाय विमा कंपनी एक रुपयाही देत नाही, असे अनेकदा म्हटले जाते; हे मत पूर्णतः बरोबर नाही. मोटार वाहन कायद्याचे सुधारित कलम १६४ एप्रिल २०२२ पासून लागू असून, त्यानुसार मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये वाहनमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे असतात. चूक कोणाची हे त्यासाठी सिद्ध करावे लागत नाही. हाड मोडले तरी कायद्याच्या दृष्टीने ती गंभीर दुखापतच ठरते.

मात्र ही रक्कम रीतसर स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे चूक सिद्ध करून न्यायाधिकरणात मागायचा, मोठा दावा संपुष्टात येतो, आणि ही बाब जखमी माणसाला कोणी सांगत नाही. रावेरकडे केळीचे घड वाहणाऱ्या आमच्या एका नातलगाच्या मांडीत अपघातानंतर सळई बसवावी लागली. दवाखान्यातच त्यांच्यापुढे तडजोडीचा कागद आला होता. घरच्यांनी सही थांबवली आणि जळगावच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला, कारण खांद्यावर ओझे वाहणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा आणि कायमच्या अपंगत्वाचा हिशेब तिथेच होतो. अर्थात तिथे चूक सिद्ध करावी लागते, म्हणून प्रथम खबर (पोलिसांकडील एफआयआर) व घटनास्थळाचा पंचनामा यांच्या नकला लगेच मिळवाव्यात. स्वतःचीच गाडी चालवताना जखमी झालेल्या मालकाला मात्र त्याच गाडीच्या विम्यातून कलम १६४ चा आधार सहसा मिळत नाही. त्याच्यासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते.