४×५ इंची फिल्मवरची निसर्गचित्रं डिजिटल कॅमेऱ्यानं उतरवावीत की स्कॅनरवरच?

घाटवाट:
माझ्याकडे ४×५ इंची फिल्मच्या साठेक शीट आहेत, १९९६ ते २००३ मधल्या. बहुतेक वेल्व्हिया ५० या रंगीत स्लाइड फिल्मच्या, हरिश्चंद्रगड आणि नाणेघाट परिसरातल्या. इतकी वर्षं त्या फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, स्कॅन करत आलो. गेल्या महिन्यात जुन्या एनलार्जरचं (डार्करूममध्ये प्रिंट मोठी करायच्या यंत्राचं) डोकं काढलं, खांबावर कॅमेरा खाली तोंड करून बसवला, खाली लाइट पॅनल, जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स, छिद्र एफ/८ वर. कोकणकड्याची संध्याकाळची शीट लावली. स्कॅनमध्ये कड्याची सावलीतली बाजू म्हणजे नुसता काळा गोळा. इथे खडकाचे आडवे थर सुटे दिसले, कपारीतली कारवी दिसली. ते थर मी तिथे उभं राहून पाहिले होते, स्कॅनमध्ये एकदाही नाही. माझं ठाम मत झालंय: घरी मांडणी जमत असेल तर फ्लॅटबेडच्या नादी लागू नये.

ड्रमआग्रही:
नाही पटलं. साधा हिशेब करा. २४ मेगापिक्सेल सेन्सरच्या आखूड बाजूला ४००० पिक्सेल. त्यात फिल्मचे ९५ मिलिमीटर बसवले की इंचाला जेमतेम १०७० पडतात. इंचाला ३०० पिक्सेलनं छापलं तर १३ बाय १६ इंच, संपलं. एवढ्याच प्रिंटसाठी लाकडी कॅमेरा, होल्डर आणि ट्रायपॉड पाठीवर घेऊन गड चढलात का? निवडक दहा शीट लॅबमध्ये ड्रम स्कॅनला द्या, म्हणजे फिरत्या नळकांड्यावर फिल्म बसवून होणाऱ्या स्कॅनला. तेलात बसवलेल्या फिल्मचे बारीक ओरखडेही त्यात झाकले जातात.

घाटवाट:
एका फ्रेममध्ये उतरवावं असं मी म्हणतच नाही. निम्म्या मोठेपणावर, म्हणजे १:२ वर, ३६×२४ मिलिमीटरच्या सेन्सरवर एका फ्रेममध्ये ७२×४८ मिलिमीटर येतं. सहा फ्रेममध्ये अख्खी शीट, भरपूर ओव्हरलॅप ठेवून. जोडल्यावर साधारण १०,०००×७,९०० पिक्सेल, इंचाला २१००. आणि निसर्गचित्रं आपण एफ/३२ वर काढतो ना? डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, फिल्मवर त्याहून फारसा बारीक तपशील उतरलेलाच नसतो. ड्रमबद्दल मला आदर आहे, पण एका लॅबमधून माझी शीट परत आली ती कोपऱ्यात नखाएवढा दुमड घेऊन. दुसरी प्रत नाही हो त्या संध्याकाळची.

ड्रमआग्रही:
दुमडीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण सहा फ्रेम जोडायच्या कशाच्या आधारावर? पावसाळ्यातलं धुकं घ्या. अर्ध्या शीटभर नुसता राखाडी पडदा. सॉफ्टवेअरला जुळवायला ना झाड, ना कडा. जोड चुकतो, नाहीतर आकाशात पट्टे उठतात. मी स्वतः हे करून सोडून दिलंय.

घाटवाट:
धुक्याचा मुद्दा खरा आहे, मीही त्यात अडकलो. दोन गोष्टींनी सुटला. एक, कॅमेरा हलवायचा नाही. फिल्मच दोन पट्ट्यांच्या खाचेत मोजून सरकवायची, म्हणजे प्रत्येक फ्रेमची जागा आधीच ठाऊक असते आणि सॉफ्टवेअरच्या अंदाजावर काही राहत नाही. दोन, आधी रिकाम्या पॅनलचा फोटो घ्यायचा आणि कडेचा अंधार त्यावरून दुरुस्त करायचा. पट्टे त्या अंधाराचे असतात. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का ते पाहायला फिल्मच्या जागी आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की झालं.

किनारपट्टी:
रत्नागिरीहून लिहितोय. तुमचा वाद पिक्सेलवर चाललाय, इथे शीटवर बुरशी चढतेय. जिलेटिन म्हणजे तिचं खाद्यच. ओल्या हवेत शीट काचेला चिकटते, मग चिकटल्या जागी न्यूटनची रंगीत वलयं उठतात. मी काच काढूनच टाकली. चारी कडा पकडणारी चौकट केली, फिल्म मधे किंचित फुगते ती एफ/८ मध्ये सावरली जाते. वर्षाला दहा शीट लॅबला पाठवत बसलो तर उरलेल्या दोनशेंचं काय? माझ्यापुरता हा प्रश्न कधीच सुटलाय.

काळीपांढरी:
कृष्णधवलवाल्यांसाठी एक भर. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई चांदीच्या फिल्मवर चालतच नाही, चांदी इन्फ्रारेड अडवते. म्हणजे कॅमेऱ्याकडे वळल्यानं आपलं काही जात नाही. धूळ ब्लोअरनं आणि हातानंच काढायची, एका आकाशाला कधी कधी तास जातो. रंगीत निगेटिव्हवाल्यांनी मात्र नारिंगी मास्कचा, म्हणजे त्या फिल्मवरच्या नारिंगी छटेचा, विचार आधी करावा. तिथे स्कॅनरचं सॉफ्टवेअर अजून सोपं पडतं.

ड्रमआग्रही:
किनारपट्टी, बुरशीचं मान्य. तिथे थांबणं म्हणजे शीट घालवणं. पण घाटवाट, वेल्व्हियाच्या गडद भागाबद्दल मी अजून हटलेलो नाही. तिथली घनता, म्हणजे फिल्म किती प्रकाश अडवते त्याचं माप, ३.६ च्या आसपास जाते. ०.३ म्हणजे एक स्टॉप, प्रकाश निम्मा, तर हे १२ स्टॉप झाले. एका एक्स्पोजरमध्ये सेन्सर तिथे किती स्वच्छ राहतो? कड्याचा तोच भाग शंभर टक्के मोठा करून इथे टाका, एका एक्स्पोजरचा एक आणि दोन एक्स्पोजर मिळवून केलेला एक. आणि धुक्याच्या शीटवरचा जोडही.

घाटवाट:
दोन्ही टाकतो. धुक्याची शीट नाणेघाटची आहे, १९९९ च्या जुलैमधली. रविवारी परत उतरवतो, यावेळी आठ फ्रेममध्ये.