दगडफूल हे फूल नव्हे

वर कुणीतरी म्हटलंय की ब्रह्मकमळ आणि दगडफूल दोन्ही थंड डोंगरातली फुलंच, मुंबईत गॅलरीत लावून बघू. नावावर जाऊ नका. खरं ब्रह्मकमळ हिमालयात साधारण ३,७०० ते ४,६०० मीटरवर येतं, सूर्यफुलाच्या कुळातलं. पांढुरक्या 'पाकळ्या' म्हणजे कागदी आवरण, खरी फुलं आत, जांभळी. (आपल्याकडे रात्री फुलतो तो मेक्सिकोकडचा निवडुंग.)

मसाल्यातल्या दगडफुलाला ना मूळ ना बी. बुरशी आणि शैवालाचं एकत्र बिऱ्हाड. लालबागच्या मसाला बाजारातून आणलेला तुकडा पाण्यात टाका. फार जुना नसेल तर वरची राखाडी साल ओली होऊन पारदर्शक होते, आतलं शैवाल हिरवट दिसतं. खालची बाजू काळीच राहते. कुंडीत खत घालून उपयोग शून्य. पाणी आणि क्षार ते थेट अंगावर शोषतं, हवेतला सल्फर डायॉक्साइडही (धुरातला विषारी वायू) तसाच आत जातो आणि आधी शैवाल मरतं.