अंतऱ्यात दडलेला रचनाकार

कुणीतरी म्हटलंय की आपल्या शास्त्रीय संगीतातल्या बंदिशीला, म्हणजे गायच्या रचनेला, रचनाकाराचं नावच नसतं, त्यामुळे नवख्याला धरायला काही मिळत नाही. हे अर्धंच खरं. नाव असतं, पण अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात. मी बेळगावच्या टिळकवाडीत गाणं शिकायला जायचो तेव्हा ‘महम्मदसा सदारंगीले’ हे शब्द तबल्याच्या बोलांसारखं काहीतरी असावं म्हणून बिनधास्त रेटायचो. वर्गात निम्मे मराठी, निम्मे कानडी, बंदिशींची ब्रज भाषा कुणालाच येत नव्हती. एकदा गुरुजींनी पेटीचा भाता धरून ठेवला आणि कानडी हेलाच्या मराठीत विचारलं, “हा सदारंग कोण, माहीत आहे काय रे?”

सदारंग म्हणजे त्या बंदिशीचे रचनाकार न्यामत खाँ, मुळात बीनकार (रुद्रवीणा वाजवणारे), आणि महम्मदसा म्हणजे त्यांचा आश्रयदाता, दिल्लीचा बादशहा महंमदशहा रंगीला (राज्यकाळ १७१९ ते १७४८). गायक फैयाज खाँसाहेबांच्या बंदिशीत असंच ‘प्रेमपिया’ हे त्यांचं टोपणनाव सापडतं. तेव्हापासून नवी बंदिश ऐकली की माझा कान आधी अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीकडे जातो. बाकी रचनाकार जुन्या काळातच झाले असंही नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी स्वतः कितीतरी बंदिशी बांधल्या.