‘नंतर बघू’ न म्हणता लगेच केलं : तुमचे अनुभव

वर्तमानात जगणं म्हणजे माझ्या मते समोरचं नीट पाहणं आणि पाहिलं की उठणं. तुम्ही लगेच उठलात म्हणून काही वेगळं घडलं असेल, तर इथे लिहा. सुरुवात मी करते.

गणपतीचे दिवस, मोदक वळणं चाललेलं. काकूच्या हातातून पारी सुटली, ओठाचा कोपरा उतरला. “उपास आहे, पित्त झालं असेल, सरबत द्या, पडू दे थोडं,” असं सगळे म्हणत होते. माझ्या जावेनं काकूला दोन्ही हात वर करायला लावले. उजवा खाली आला : पक्षाघाताची खूण. तिनं सरबत बाजूला ठेवलं (अशा वेळी गिळताना ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं), घड्याळ पाहिलं आणि गाडी काढायला लावली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न : “शेवटचं ठीक कधी पाहिलंत?” जावेनं वेळ सांगितली. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. काकूला ते मिळालं. बोलणं बरंचसं परतलं. हाताची पकड अजून कमीच आहे.

— आमच्या मुळशीत हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे ऐकून होतो. माझ्या आजीलाही येतात, पण खाटेवर बसून विचारलं की म्हणायची, “आता कुठं आठवतंय.” एका दुपारी माळ्यावरचं जातं दिसलं. तसंच उतरवलं, पुसलं, मूठभर तांदूळ घातले. खुंटा हातात आला आणि ओवी आली! फोन रेकॉर्डिंगला लावूनच ठेवला होता. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. रेकॉर्डिंगमध्ये घरघर जास्त, शब्द थोडे कमी ऐकू येतात, पण आहेत.

— आमची काळी जमीन. मुठीत माती दाबली, गोळा झाला, खाली टाकला की फुटला : वाफसा (पेरणीजोगी ओल) आला. तो फार थांबत नाही. ट्रॅक्टर दोन दिवसांनी मिळणार होता, ह्यांचं म्हणणं थांबू. मी म्हटलं, बियाण्याला औषध लावून तयार आहे, दिराची बैलांची तिफण आणू. अंधार पडेपर्यंत सोयाबीन पेरलं. रात्री झड लागली ती आठवडाभर. नंतर पेरणाऱ्यांना हंगामात उशीर झाला.

— काकूंचं वाचून लगेच फोन केले. रात्री सीटी स्कॅन चालू असतं असं ठिकाण तालुक्याला नाही, जिल्ह्याला आहे, गाडीनं सव्वा तास. म्हणजे तालुक्याला थांबायचंच नाही. वडिलांना रक्तदाब आहे. घरात सगळ्यांना सांगितलं, नंबर फ्रिजवर चिकटवला.