मदत हवी आहे: घणसोलीतली वंशावळ, एकाच नावाचे दोन पुरुष?

नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातला, आगरी. तीन वर्षं झाली, रविवारी गावातल्या घरांच्या वंशावळी जुळवायचा नाद लागलाय. लोकांच्या लागल्या, आमचीच अडली.

आमच्यात नातवाला आजोबाचं नाव. म्हणजे हिरा, त्याचा पदू, त्याचा परत हिरा. आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक मोडी लिपीतला कागद मिळाला, घडीवर फाटलेला. सगळी अक्षरं एका लांब रेघेला लटकलेली, शब्द कुठे तुटतो कळत नाही. तरी 'हिरा बिन पदू' (म्हणजे पदूचा मुलगा हिरा) आणि शके १८१२ एवढं लागलं, म्हणजे इसवी १८९०. आणि १९३४च्या जमिनीच्या फेरफारात मिठागराशेजारच्या खाचराला पुन्हा हिरा पदूच! मधे ४४ वर्षं. हा तोच म्हातारा की त्याचा नातू? काकाला विचारलं तर म्हणतो, "आपला हिरा एकच, पैलवान होता." झालं संशोधन.

आडनाव दोन्हीकडे नाही. (असतं तरी पाटीलच असतं, काय उजेड पडणार!) खाचरावरून माग काढावा तर जमीन सिडकोच्या संपादनात गेली, बांधच उरले नाहीत.

ठाण्याच्या आसपास कुणी मोडी वाचून देईल का? २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडीवाल्यांकडे रांग आहे. आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वंशावळीच्या वह्या कुणी पाहिल्यात का?

प्रतिसाद:
दादा, हिराला सोडा, त्याची बायको शोधा. विधवेचं नाव लागलं की 'अमकी कोम हिरा' किंवा 'भ्रतार हिरा' असं येतं; कोम म्हणजे बायको, भ्रतार म्हणजे नवरा. बायका वेगळ्या निघाल्या तर हिरा बहुतेक दोन. मग तहसीलला कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल मागा, मृत्यूच्या नोंदीत वय मिळू शकतं. जन्माच्या नोंदीत पोराचं नाव शोधू नका, बऱ्याचदा नुसतं 'मुलगा' असतं, बापाचं नाव बघा. त्र्यंबकला आधी गाव आणि जात सांगा, वही त्यावर निघते.

धागाकर्ता:
कोम! कागदाच्या शेवटच्या ओळीत हिराच्या आधी जे आहे ते मी इतके दिवस 'काम' वाचत होतो. म्हणजे त्याच्याही आधीचा शब्द बाईचं नाव. पहिलं अक्षर 'च' दिसतंय, पुढचं नेमकं घडीत गेलंय. जेवून भिंग घेऊन बसतो.